एक ना धड, भाराभर मार्ग

दिवाळी अंकात बसगाड्यांवर लेख म्हणजे करंजीच्या सारणात खडा, असे कोणी म्हणेल. म्हणो बापडे. करंजी वर्षातून एकदा होते. गाडीची वाट मात्र रोज पाहावी लागते, आणि ती पाहणारी माणसे हा अंक वाचणाऱ्या घरांतलीच असतात. घरात मोटारसायकल बहुधा एकच असते आणि ती सकाळी कर्ता पुरुष घेऊन जातो. मागे कॉलेजात जाणारी मुलगी राहते, लक्ष्मीपुरीतल्या दुकानात नोकरीला जाणारी सून राहते, सीपीआरमध्ये डोळे दाखवायला निघालेले आजोबा राहतात. ह्या मागे राहिलेल्या घराने कोठे कसे जावे, एवढाच माझा विषय आहे. विषय लहान आहे; पण त्यावर भांडावे इतका तो खचित मोठा आहे.

आमच्या कोल्हापुरात बसला कोणी बस म्हणत नाही, केएमटी म्हणतात. महानगरपालिकेच्या परिवहन उपक्रमाचे हे आद्याक्षरी नाव लोकांनी गाडीलाच देऊन टाकले आहे. "केएमटीनं आलो," "केएमटी गेली का हो?" असेच आम्ही बोलतो. गावाने ज्या वस्तूला असे घरगुती नाव दिले ती वस्तू गावाला आपली वाटते. म्हणूनच तिच्याविषयी दोन कडू शब्द बोलण्याचा अधिकार मी घेतो आहे.

माझे म्हणणे असे. बससेवेपाशी पैसा कमी आहे, गाड्या कमी आहेत, हे खरे. आणि ते कोल्हापूरचेच नव्हे, महाराष्ट्रातल्या बहुतेक मध्यम शहरांचे रडगाणे आहे. परंतु पैसा कमी आहे म्हणून सेवा वाईट, हे अर्धेच सत्य. उरलेले अर्धे सत्य असे की आहे तो पैसा आपण तीस ठिकाणी थोडा थोडा शिंपडतो आणि मग कोठेच काही उगवत नाही म्हणून कपाळाला हात लावतो. ह्याला अधिकारी जबाबदार आहेत, नगरसेवक जबाबदार आहेत, आणि त्यांच्या दारात जाऊन "आमच्या गल्लीतून गाडी न्या" असे अर्ज देणारे तुम्ही-आम्हीही जबाबदार आहोत.

सुटीत घरी मुले जमली असतील. त्यांच्याकडून एक खेळ करवून घ्या. जमिनीवर खडूने कोल्हापूरचा नकाशा काढा. शेजारच्या रांगोळीला धक्का लागू देऊ नका म्हणजे झाले. चाळीस चिंचोके घ्या. एक चिंचोका म्हणजे रस्त्यावर धावणारी एक गाडी. आकडा हिशेबाच्या सोयीसाठी धरला आहे, त्यात कोणी खऱ्या गाड्या मोजू नयेत. आता मुलांना मार्ग आखायला सांगा. एक मार्ग आत्याच्या घराकडे जातो, एक मामाच्या, एक शाळेकडे, एक ज्योतिबाच्या वाटेला लागतो. जो रुसून बसला त्याच्यासाठी आणखी एक. पाहता पाहता तीस मार्ग होतात. प्रत्येकावर एकेक चिंचोका ठेवा आणि उरलेले दहा जिकडे आरडाओरडा जास्त तिकडे द्या. झाली बससेवा! मोठी माणसे हीच गोष्ट सभागृहात बसून करतात. फरक इतकाच की ती टिपणी, ठराव व उपसूचना करून करतात.

आता हिशेब पाहू. एक मार्ग दहा किलोमीटरांचा धरा. शहराच्या गर्दीतून थांबे घेत घेत गाडी तासाला पंधरा किलोमीटर चालते असे म्हणू. जायला चाळीस मिनिटे, यायला चाळीस, आणि दोन्ही टोकांना पाच पाच मिनिटे. ड्रायव्हर-कंडक्टरने घोटभर चहा घ्यायचा की नाही? नव्वद मिनिटे झाली. ह्या मार्गावर एकच गाडी असेल तर कोणत्याही थांब्यावर ती दीड तासाने येणार. दोन असतील तर पाऊण तासाने. सहा असतील तर पाव तासाने, आणि नऊ असतील तर दर दहा मिनिटांनी. ह्यात कोणतेही शास्त्र नाही, चौथीतला भागाकार आहे. पण हा भागाकार केला की तीस मार्गांच्या त्या देखण्या नकाशाची सारी रया जाते. कारण ज्याला दहाच्या ठोक्याला कामावर हजर व्हायचे आहे त्याच्या दृष्टीने दीड तासाने येणारी गाडी ही नसल्यासारखीच. ती एक हुकली की अर्धा दिवस गेला. नऊ वाजताची गाडी चुकल्यावर साडेदहाच्या गाडीची वाट कोण पाहील? तो रिक्षा करतो, नाहीतर हप्त्याने दुचाकी घेतो आणि बसला कायमचा राम राम ठोकतो. मग प्रवासी कमी झाले म्हणून फेरी तोट्यात गेली, फेरी तोट्यात म्हणून ती कमी केली, फेरी कमी झाली म्हणून प्रवासी आणखी घटले. ह्या चरकातून ऊस जसा निघतो तशी आपल्या शहरांची बससेवा निघत आली आहे.

लोकांना नेमके काय हवे असते हे जाणून घ्यायला समित्या नकोत, वडापकडे पाहावे. पुण्या-मुंबईच्या वाचकांसाठी सांगतो: भरतील तेवढी माणसे कोंबून नेणाऱ्या खासगी जीप-टमटमला आमच्याकडे वडाप म्हणतात. वडापला वेळापत्रक नाही, थांबा नाही, तिकीट नाही. बसायची जागा म्हणजे अर्धी मांडी आत आणि अर्धी वाऱ्यावर. अपघात झाला तर विचारायला कोणी नाही. तरी चांगली शहाणीसुरती माणसे त्यात चढतात. का चढतात? "लगेच हाय का?" "बसा की, निघालोच!" एवढ्या दोन वाक्यांसाठी. वडापवाल्याने कधी कोणाचा अहवाल वाचलेला नसतो, पण एक गोष्ट त्याला पक्की ठाऊक असते. ज्या रस्त्यावर माणसे आहेत त्याच रस्त्यावर एकामागून एक गाड्या लावायच्या. मी वडापची भलामण करीत नाही. ती जीवघेणी आहे. पण जी अक्कल वडापवाल्याला आहे ती सरकारी टेबलावर का सापडू नये?

आता कोल्हापूर पाहा. शहराचे क्षेत्रफळ ६६.८२ चौरस किलोमीटर. त्याचा चौकोन कल्पिला तर एकेक बाजू जेमतेम सव्वाआठ किलोमीटर भरेल. २०११ च्या जनगणनेत ह्या चौकोनात ५,४९,२३६ माणसे राहत होती. १८९१ साली मिरजेहून रेल्वे आली, स्टेशन गावाच्या पूर्वेला उभे राहिले, आणि त्याच्या आसपास पुढे शाहूपुरीची पेठ वसली. अंबाबाईचे देऊळ, जुना राजवाडा आणि पेठा राहिल्या पश्चिमेला. तेव्हापासून गावाचा मुख्य ओघ स्टेशन ते देऊळ असाच आहे. १९७२ साली महानगरपालिका झाली आणि त्यानंतर घरे हद्द ओलांडून पाचगाव, मोरेवाडी, कळंबा, उचगाव अशी चहूकडे पसरली. हद्दवाढीचा वाद मी येथे उकरून काढीत नाही, दिवाळी आहे. सांगायचे इतकेच की गावाचा आकार चाकासारखा आहे. मध्ये तुंबा आणि सभोवार आरे. अशा गावाला तीस लंगड्या मार्गांपेक्षा तीन धडधाकट रेषा पुरतात.

पहिली रेषा कसबा बावड्याच्या साखर कारखान्यापासून निघावी आणि लाईन बझार, सीपीआर, शिवाजी चौक, बिंदू चौक, मिरजकर तिकटी, संभाजीनगर करीत थेट कळंब्याला जावी. दुसरी फुलेवाडीहून रंकाळा, गंगावेश, शिवाजी चौक, दसरा चौक, मध्यवर्ती बसस्थानक, कावळा नाका अशी शिरोलीच्या कारखान्यांपर्यंत. तिसरी शिवाजी विद्यापीठाच्या दारापासून सायबर चौक, राजारामपुरी, बिंदू चौक, शिवाजी चौक, तोरस्कर चौक अशी शिवाजी पूल ओलांडून वडणगे फाट्यापर्यंत. (२०१९ आणि २०२१ सारखा पंचगंगेला महापूर आला तर तिसरी गंगावेशीतच थांबेल, ते आम्हा कोल्हापूरकरांना नवे नाही.) एकेरी रस्त्यांचे बारकावे जाणत्यांनी पाहावेत, माझा आग्रह गल्लीचा नाही, तत्त्वाचा आहे. गाडीने गावाच्या मध्यावर येऊन ठाण मांडू नये, आरपार निघून जावे. मध्यावर विसावा घेणारी गाडी आधीच चिंचोळ्या असलेल्या चौकातली जागा खाते आणि बावड्याच्या माणसाला कळंब्याला जायचे असेल तर विनाकारण खाली उतरवते.

तीन रेषांवर नऊ नऊ म्हणजे सत्तावीस चिंचोके लागले. तिन्ही रेषांवर दर दहा मिनिटांनी गाडी झाली, तीही जास्तीचा एक पैसा न मागता. वेळापत्रक पाठ करण्याची गरज संपली. घरातून निघायचे आणि थांब्यावर जाऊन उभे राहायचे. तेरा चिंचोके अजून हातात आहेत.

ह्या तेरा चिंचोक्यांवर खरी लढाई होणार, हे मी जाणून आहे. "आमच्या गावची गाडी तोडली!" अशी पहिली आरोळी उठेल. म्हणून गावाचाच हिशेब करतो. फुलेवाडीच्या पलीकडे पाच किलोमीटरांवर एक गाव आहे असे समजा. आज गावची गाडी थेट शहराच्या मध्यापर्यंत येते. मोकळ्या रस्त्यावर पंधरा मिनिटे, शहरात वीस. जाऊन येऊन सत्तर आणि विसाव्याची दहा, म्हणजे ऐंशी मिनिटे. ती गाडी शहरात न आणता फुलेवाडीलाच वळवली, तर तीच एक गाडी, तोच ड्रायव्हर, चाळीस मिनिटांत पुन्हा गावात हजर होतो. गावाच्या फेऱ्या दुप्पट झाल्या. शहरातला उरलेला रस्ता दहा मिनिटांच्या गाडीने काटायचा.

"म्हणजे बोचकी घेऊन दोनदा चढ-उतर करायची?" असा प्रश्न येथे एखादी काकू विचारील, आणि तो रास्त आहे. गाडी बदलणे माणसाला शिक्षेसारखे वाटते ते दोन कारणांनी. पुढच्या गाडीचा भरवसा नसतो आणि दुसरे तिकीट काढावे लागते. पहिले कारण दर दहा मिनिटांच्या गाडीने जाते. दुसऱ्यासाठी एकच तिकीट तासा-दीड तासात कोणत्याही गाडीत चालेल असा नियम करावा. तिकिटाचे यंत्र आज कंडक्टरच्या गळ्यात असते. त्याला वेळ छापता येते. आणि जेथे बदलायचे तेथे डोक्यावर छप्पर, बसायला बाक आणि दिवा हवा. एका उद्घाटनाच्या मांडवाला जो खर्च येतो त्यात असे काही निवारे होतील असा माझा अंदाज आहे.

म्हाताऱ्या माणसांचे काय? ह्याचे गुळमुळीत उत्तर मी देणार नाही. थांबे विरळ केले, गल्लीतली गाडी काढून हमरस्त्यावर नेली, तर काहीजणांना आजपेक्षा जास्त चालावे लागेल. चारशे मीटर म्हणजे धट्ट्याकट्ट्याला पाच मिनिटे. गुडघे धरलेल्या आजींना ते पंधरा मिनिटांचे काम आहे आणि पावसाळ्यात त्याहून अधिक. त्यांचे नुकसान होईल हे उघड सांगावे, आणि तेरांपैकी दोन-तीन लहान गाड्या सकाळी दहा ते दुपारी चार अशा वस्त्यांतून दवाखान्याकडे व बाजाराकडे फिरत्या ठेवाव्यात. पण आजींचे नाव पुढे करून साऱ्या शहराची गाडी गल्लीबोळांतून वळसे घेत नेऊ नये. ज्या वळशाने एका आजींची पाच मिनिटे वाचतात त्याच वळशाने गाडीतल्या चाळीस माणसांची पाच पाच मिनिटे जातात, आणि त्या चाळिसांतही दोन आजी असतात.

हे सारे कोणा घरबशाचे मनोराज्य आहे असे वाटू नये म्हणून परदेशचे दोन दाखले देतो. अमेरिकेतल्या ह्यूस्टन शहराने १६ ऑगस्ट २०१५ रोजी एका रात्रीत आपल्या साऱ्या बसमार्गांची पाटी पुसून नवी लिहिली. तेथील मंडळाने आधी एक प्रश्न स्वतःला विचारला: आपल्या पैशातला किती हिस्सा जास्तीत जास्त लोक चढतील अशा सेवेवर खर्चायचा, आणि किती हिस्सा जेथे चढणारे थोडे पण गाडी हवीच अशा वस्त्यांवर? त्यांनी ऐंशी आणि वीस असे ठरवले, उघडपणे ठरवले, आणि मग रेघा ओढल्या. पाव तासाची वा त्याहून कमी वेळाची सेवा त्यांनी रविवारीही ठेवली. स्पेनमधल्या बार्सिलोनाने हेच काम घाई न करता २०१२ ते २०१८ ह्या काळात टप्प्याटप्प्याने केले. आडव्या, उभ्या आणि तिरक्या अशा अठ्ठावीस रेषा आखल्या आणि त्यांना अक्षरे दिली, म्हणजे नुसत्या नावावरून गाडी कोणत्या दिशेची ते परक्यालाही कळावे. बार्सिलोनाचे रस्ते बुद्धिबळाच्या पटासारखे, आपले मंगळवार पेठेसारखे. तेव्हा त्यांचा नकाशा उचलून येथे चिकटवता येणार नाही. उचलायचा आहे तो त्यांचा प्रश्न. आपल्या पैशाचा किती हिस्सा कशासाठी, हे कोल्हापुरात कोणी भर सभेत विचारावे आणि उत्तराचा आकडा इतिवृत्तात लिहून घ्यावा. आकडा सत्तर-तीस ठरला तरी माझी हरकत नाही. आकडाच न ठरवता ज्याचा आवाज मोठा त्याला गाडी देणे, ह्याला माझी हरकत आहे.

ह्यावर "थांबा हो, आता विजेच्या गाड्या येणार" असे सांगणारे पुष्कळ भेटतात. केंद्र सरकारने ऑगस्ट २०२३ मध्ये दहा हजार विजेच्या बसगाड्यांची योजना मंजूर केली. तीन लाखांहून अधिक वस्तीच्या शहरांसाठी ती आहे आणि तीत कोल्हापूरचेही नाव आहे. आनंद आहे. धूर जाईल, आवाज जाईल, घाट चढताना म्हातारी गाडी कण्हते तशी ही कण्हणार नाही. पण गाडी विजेवर चालो की डिझेलवर, दीड तासाने आली तर ती दीड तासानेच आली. पूर्वीही नेहरूंच्या नावाच्या नागरी अभियानातून शहरोशहरी नव्या गाड्या आल्या होत्या, त्यांनाही झेंडूची तोरणे लागली होती. नव्या गाड्या जुन्याच भाराभर मार्गांवर वाटून टाकल्या की काही वर्षांत त्या जुन्या होतात आणि मार्ग आहेत तसेच राहतात. शिवाय ह्या योजनेत चालवणाऱ्या ठेकेदाराला पैसे किलोमीटरवर मिळतात. गाडी भरलेली असो वा रिकामी, चाक फिरले की बिल झाले. अशा व्यवस्थेत रिकाम्या वळशाचा प्रत्येक किलोमीटर रोख पैशाने मोजावा लागतो. म्हणजे मार्ग आधी सुधारावयाचे की गाड्या आल्यावर, ह्या प्रश्नाला आता खिशाचाही कौल मिळाला.

आणखी एका ठिकाणी फुकटच्या गाड्या दडून बसल्या आहेत. वर आपण तासाला पंधरा किलोमीटर वेग धरला. तो अठरा झाला तर दहा किलोमीटरांची जा-ये नव्वदऐवजी सत्त्याहत्तर मिनिटांत होते, आणि दहा मिनिटांची गाडी ठेवायला नवाऐवजी आठ गाड्या पुरतात. तीन रेषांवर तीन गाड्या वाचल्या. ह्या तीन गाड्यांसाठी दिल्लीला जावे लागत नाही. थांब्यासमोर आडवी लावलेली दुचाकी हलवावी लागते, चौकात गाडीला आधी वाट द्यावी लागते, आणि दोन दुकानदारांची नाराजी पत्करावी लागते. ह्यातले तिसरेच सर्वांत महाग असते, म्हणून दिल्लीला जाणे सोपे वाटते.

कोल्हापूरला वसतिगृहांची जननी म्हणतात. १९०१ साली राजर्षी शाहूंनी येथे पहिले वसतिगृह काढले आणि पुढे जातीजातींची वसतिगृहे उभी राहिली. त्यामागची अडचण साधी होती: खेड्यातल्या मुलाने शाळेत रोज यायचे कसे? त्या काळी गाडी नव्हती, म्हणून महाराजांनी मुलाला राहायला घर दिले. आज भोवतालच्या गावांतल्या हजारो मुलींच्या बाबतीत तेच काम बसने करावयाचे आहे. बारावीनंतर मुलीला पुढे शिकवावे की नाही, ह्याचा निर्णय पुष्कळ घरांत मार्कांवर होत नाही, "संध्याकाळी घरी कशी येणार?" ह्या एका प्रश्नावर होतो. दिवेलागणीनंतर गाडी नक्की आहे असे आईला ठाऊक असेल तर मुलगी कॉलेजात जाते. नक्की नसेल तर पुढच्या मार्गशीर्षात स्थळे बघायला सुरुवात होते. बससेवेच्या तोट्याचे आकडे छापणाऱ्यांनी हा तोटाही कधी मांडून पाहावा. शिरोलीत दुसऱ्या पाळीला काम करणाऱ्या बाईचेही तेच आहे. भाड्यातली सवलत तिला हवीच आहे. पण न येणाऱ्या गाडीचे तिकीट अर्धे केले काय आणि फुकट केले काय.

तेव्हा मागणे थोडके आहे. विजेच्या गाड्यांना तोरणे बांधण्यापूर्वी महापालिकेने एक नकाशा काढावा आणि तो शाहू मैदान, गंगावेश, मध्यवर्ती बसस्थानक ह्या ठिकाणी महिनाभर भिंतीवर लावावा. शेजारी एक वही दोरीने बांधून ठेवावी, लोक काय लिहायचे ते लिहितील. कोल्हापूरकर लिहिताना भीडभाड ठेवत नाही. तीनपैकी एकच रेषा, बावडा ते कळंबा, आधी सहा महिने चालवून पाहावी. थांब्यावरच्या पाटीची अक्षरे मराठीत आणि चष्म्याशिवाय वाचता येतील एवढी मोठी असावीत. त्या पाटीवर मंत्र्याचे छायाचित्र नसले तरी चालेल. दर किती मिनिटांनी गाडी येते ते असावे, आणि त्याखाली, ठळक, रात्रीच्या शेवटच्या गाडीची वेळ.